करड्याचं माप

पोलीस भरतीच्या मैदानावर माझा दादा पुढच्या पोरांत होता. धावणं झालं, गोळा झाला, लेखी परीक्षाही झाली. शेवटी डोळ्यांच्या तपासणीत अडलं. डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक पुढे केलं आणि पानावरचा आकडा वाचायला सांगितलं. दादाला आकडा दिसेना. डॉक्टर पानं उलटत गेले, दादा नुसता ठिपक्यांकडे बघत राहिला. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्याला बोलावलं.

संध्याकाळच्या एसटीनं तो आमच्या गावी, तलवाड्याला आला. मी तेव्हा बारावीला होते. आबा ओसरीवर पायाला तेल चोळत बसले होते. आमची मेंढरं. वर्षातले बरेच महिने आबा कळप घेऊन बाहेरच असत, त्या दिवशी नेमके घरी होते. दादा म्हणाला, "मला लाल आन् हिरवं येकच दिसतंय म्हने."

आबांनी जरा विचार केला. "मेंढरं तर बराबर वळखतोस की."

"मेंढरं कुठं लाल-हिरवी असत्यात, आबा."

आबा परत पायाला तेल चोळायला लागले. आई आत भाकरी थापत होती, तिचे हात तेवढे थांबले. मला मात्र एकेक आठवायला लागलं. बोरीखाली आम्ही सगळी पोरं पिकलेली लाल बोरं टिपायचो आणि दादा प्रत्येक बोर बोटानं दाबून, नाकाशी नेऊन मग खिशात टाकायचा. आम्हाला वाटायचं, हा फार चोखंदळ आहे. मिरच्यांच्या तोडणीला त्याला कुणी नेत नसे, कारण तो हिरव्याच तोडून आणायचा आणि बोलणी खायचा. लहानपणापासून तो आमच्याहून वेगळं जग बघत होता आणि ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्याच्याही नाही.

पुढे तो बीडला गेला. बसस्टँडच्या मागच्या गल्लीतल्या एका फोटो स्टुडिओत त्याला काम मिळालं. आधी पासपोर्ट फोटो, मग लग्नं. त्याला उजेड फार चांगला कळायचा. मांडवात कुठून ऊन येतं, नवरीच्या चेहऱ्यावर सावली कुठं पडते, म्हाताऱ्या माणसाला कुठल्या बाजूनं बसवावं, हे तो एका नजरेत ठरवायचा. काही वर्षांत त्यानं त्याच गल्लीत स्वतःचं दुकान टाकलं. मी तोवर बीडलाच कॉम्प्युटरची पदवी करत होते. कॉलेज सुटलं की दुकानात जाऊन फोटोंचे रंग मी बघायचे. गिऱ्हाईक यायच्या आधी दादा हळूच विचारायचा, "ही साडी कंची?" मी सांगायचे, राणी कलर. हा शालू मोरपंखी. तो मान हलवायचा आणि गिऱ्हाइकापुढे तेच शब्द ठसक्यात बोलायचा. त्याचे डोळे असे आहेत हे आम्हा घरच्यांशिवाय बीडमध्ये कुणाला माहीत नव्हतं. फोटोवाल्याला रंग दिसत नाहीत म्हटल्यावर कोण त्याच्याकडे लग्न देणार?

मग माझं लग्न झालं. मी सिरसाळ्याला आले आणि तिथल्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायला लागले. दादा लग्नाचे फोटो पुण्याच्या एका लॅबला पाठवू लागला. रंग तिकडेच दुरुस्त व्हायचे. धंद्याचं चाललं होतं. पण त्याचं खरं मन दुसरीकडे होतं, आणि ते मला माहीत होतं. सवड मिळाली की तो कॅमेरा घेऊन आबांच्या कळपाच्या मागं जायचा. गोदावरीच्या काठानं, उसाच्या फडांतून, कुणाच्या तरी मोकळ्या वावरात मेंढरं बसवलेली असायची तिथं. आबा, चुलता, म्हातारी आत्या, घोड्यावर लादलेलं बिऱ्हाड, दव पडलेली लोकर. सगळे फोटो काळे-पांढरे.

एकदा मी त्याला विचारलं होतं की सगळेच काळे-पांढरे का. तो म्हणाला, "ह्यात मला कुनाला इचारावं लागत न्हाई."

असे फोटो वर्षानुवर्षं त्याच्या कॉम्प्युटरमध्ये साठत गेले. मग बीडमधल्या एका वाचनालयाच्या लोकांनी ते पाहिले आणि वरच्या मजल्यावरचा हॉल त्याला आठवडाभरासाठी देऊ केला. दादाला वाटलं, हे फोटो लॅबला पाठवायचे नाहीत, आपण स्वतः छापायचे. त्यानं लग्नाच्या शूटिंगचा मोठा लाइट-सेट विकला आणि एक चांगला फोटो-प्रिंटर आणला. त्यात रंगांच्या शायांबरोबर काळ्याच्या तीन शाया होत्या: एक गडद, एक फिकी आणि एक अगदीच फिकी. कागद जाड, सुती, बिनचकाकीचा. पहिले फोटो छापून झाल्यावर त्यानं मला फोन केला. एरवी तो कामापुरतं बोलणारा माणूस, त्या दिवशी त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. ये आणि बघ, एवढंच म्हणाला.

रविवारी मी एसटीनं बीडला गेले. दादानं काउंटर पुसून त्यावर फोटो ओळीनं मांडून ठेवले होते. सगळ्यात पुढे आबांचा होता. भर पावसात घोंगडं पांघरून काठीला टेकून उभे असलेले आबा आणि मागं धूसर कळप. फोटो फार सुंदर होता. पण तो काळा-पांढरा नव्हता. जांभळाच्या पाण्यात बुडवून काढावं तसा त्याला जांभळट रंग चढला होता. आबांचा चेहरा, आभाळ, लोकर, सगळंच. पुढचाही तसाच, त्याच्या पुढचाही.

दादा शेजारी उभा होता. "कसं झालंय?"

मी विचारलं, कागद कुठला आहे. त्यानं सांगितलं. मी विचारलं, शाई कुठली. त्याला कळलं. माझी टाळाटाळ त्याला लहानपणापासून पाठ आहे.

"बाई, खरं सांग."

"दादा, हे काळं-पांढरं न्हाई. जांभळट झालंय."

त्यानं आबांचा फोटो उचलला आणि दुकानाच्या दारात उन्हात नेला. तिरका धरला, लांब धरला, डोळ्यांजवळ आणला. मग आत आला आणि एकेक फोटो उलटा ठेवत गेला. मी म्हटलं, दर रविवारी मी येत जाईन, तू छाप, मी बघून सांगेन, आपण दुरुस्त करत जाऊ. सिरसाळ्याहून बीड काही लांब नाही.

त्यानं उलटे फोटो एकावर एक रचले. मग म्हणाला, "तुझे डोळे तुझ्याकडंच राहू दे. मला असं पायजे, की मी एकटा बसून छापलं तरी खरं यावं."

त्या वाक्याचा मला जरा रागच आला होता. मी मदत करायला निघाले होते आणि हा नको म्हणत होता. पण एसटीत बसल्यावर मला त्याचं म्हणणं पटायला लागलं. आयुष्यभर त्यानं साडीचा रंग दुसऱ्याला विचारला होता. काळे-पांढरे फोटो ही एकच जागा त्याची स्वतःची होती, आणि तिथंही रंग मागल्या दारानं शिरला होता.

मग त्याचा अभ्यास सुरू झाला. मी शोधून त्याला सांगितलं की ह्या कामाला कलर मॅनेजमेंट म्हणतात, म्हणजे रंगांचं व्यवस्थापन. तो फोनवर हसला. "रंगाचं येवस्थापन कराया मीच भेटलो का." पण हसून झाल्यावर त्यानं वही-पेन घेतल्यासारखा माझ्यावर प्रश्नांचा मारा केला. इंग्रजी त्याला बेताचं येतं. तो व्हिडिओ बघायचा, अडलेला शब्द मला पाठवायचा आणि शाळेच्या मधल्या सुट्टीत मी त्याचा अर्थ बोलून पाठवायचे. आमच्या शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना माहीत झालं होतं की बाईंच्या भावाचं काहीतरी मोठं चाललंय.

पहिलं काम पडद्याचं निघालं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर जे दिसतं तेच जर खोटं असेल, तर कागदावर खरं कसं येणार? दादानं आधी खोली बदलली. दुकानाच्या आतली खोली पोपटी रंगाची होती आणि तो पोपटी उजेड सगळ्या वस्तूंवर पडायचा. त्याला स्वतःला तो पोपटीपणा जाणवत नव्हता, पण वाचलं होतं म्हणून त्यानं भिंती करड्या करायच्या ठरवल्या. रंगाऱ्यानं डबा उघडून बघितला आणि विचारलं, "येवढा उदास रंग कावून लावायलेत? काय झालंय का घरात?" दादानं त्याला चहा पाजला आणि सांगितलं, फोटोला उदासच खोली लागते.

मग त्यानं रंग मोजायचं एक यंत्र मिळवलं. पुण्यातल्या एका छापखान्यानं नवीन घेतल्यावर जुनं काढून टाकलं होतं, ते ह्याच्याकडे आलं. मुठीत मावेल एवढं. ते पडद्यावर टेकवून लटकवायचं. मग पडद्यावर एकामागून एक रंगांचे चौकोन येतात, यंत्र ते वाचतं आणि शेवटी कॉम्प्युटरला सांगतं की तुझा पडदा एवढा निळा आहे, एवढा भडक आहे, तो असा सुधार. ते झालं तेव्हा मी तिथं होते. पडदा एकदम मंद झाला, जरासा पिवळट. मला वाटलं बिघडला. दादा पुढे सरकून बघत राहिला आणि म्हणाला, "आता कागदावानी दिसायलंय." आधी पडदा दिव्यासारखा जळत होता, म्हणून त्यावर उजळ दिसणारा फोटो कागदावर काळवंडून यायचा. हे मला त्यानं समजावून सांगितलं, मी त्याला नाही.

पण जांभळा रंग काही जाईना. आता पडदा बरोबर, तरी कागद जांभळट. मी फोटोचा फोटो काढून घेतला होता, तो वर्गातल्या कॉम्प्युटरवर बघत बसायचे. शायांची नळी तुंबली असेल, कागदच तसा असेल, असे माझे अंदाज चालले होते. दादानं मात्र वेगळंच केलं. त्यानं एकच फोटो एकदा कॉम्प्युटरवरून छापला आणि एकदा मोबाइलवरून सरळ प्रिंटरला पाठवून छापला. दोन्हींच्या मागं खूण केली आणि मी आले की पुढे ठेवले.

"कंचा जास्त जांभळा?"

मी एक उचलला. त्यानं उलटा करून बघितला. कॉम्प्युटरवरचा.

"मंग शाईत खोट न्हाई," तो म्हणाला. "शाई तर दोन्हीला तीच हाय. खोट मधी कुठंतरी हाय."

त्या मधल्या जागेत आम्ही दोघं शोधत बसलो. फोटोच्या प्रोग्रॅममध्ये त्यानं कागदाची माहिती भरली होती, आणि त्या माहितीप्रमाणे प्रोग्रॅम रंग बदलून पुढे पाठवत होता. ती रीत बरोबरच होती. पण प्रिंटरच्या खिडकीत रंग सुधारण्याचा आणखी एक पर्याय चालूच राहिला होता. प्रोग्रॅमनं एकदा बदललेले रंग प्रिंटर परत बदलत होता. एका घरात दोन कारभारी. मी प्रिंटरचा पर्याय बंद केला. शिवाय प्रोग्रॅममध्ये भरलेली माहितीही दुसऱ्याच, चकचकीत कागदाची होती, ती आम्ही आमच्या कागदाची केली. नवा फोटो निघाला. मी तो दारात नेला आणि जांभळा रंग गेलेला बघून मला खरंच आनंद झाला. पण उजेडात जरा वेळ बघितल्यावर दिसलं की आता किंचित हिरवट छटा आहे. अगदी किंचित, कुणी म्हणालं असतं की चालतंय. दादानं माझ्या तोंडाकडे बघितलं.

"आजून हाय न्हवं?"

मी मान हलवली. आतल्या पिवळ्या बल्बखाली नेला तर तोच फोटो गुलाबीसर दिसत होता. त्याचं कारण त्यानंच नंतर शोधून काढलं. प्रिंटर करडा रंग नुसत्या काळ्या शाईतून काढत नव्हता, निळी, गुलाबी आणि पिवळी शाई मिसळून तो करडा बनवत होता. उजेड बदलला की ते मिश्रण आपला खरा रंग दाखवायचं. त्याच प्रिंटरमध्ये काळ्या-पांढऱ्या फोटोंसाठी वेगळी सोय होती. ती वापरली की काम मुख्यतः त्या तीन काळ्या शायाच करायच्या, रंगांची शाई नावाला. त्या सोयीत करड्याचा कल थोडा इकडे, थोडा तिकडे करायलाही जागा होती. फक्त कुणीतरी बघून सांगायला हवं होतं, किती इकडे आणि किती तिकडे.

इथंच मला वाटलं होतं की शेवटी माझे डोळे लागणार.

दादानं पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत पायरीपायरीनं गडद होत जाणाऱ्या चौकोनांची एक पट्टी छापली. दुसऱ्या दिवशी, शाई पुरती वाळल्यावर, ते यंत्र एकेका चौकोनावर टेकवलं. कॉम्प्युटरवर प्रत्येक चौकोनापुढे तीन आकडे येत गेले. त्यानं मला विचारलं, हे काय सांगतात. मी वाचून आले होते. पहिला आकडा उजेडाचा, किती पांढरं, किती काळं. तिसरा निळ्या-पिवळ्याचा. आणि मधला लाल-हिरव्याचा: लालीकडे झुकलं तर अधिक, हिरव्याकडे झुकलं तर उणे, दोन्हीकडे नसेल तर शून्य.

तो त्या मधल्या रकान्याकडे बघत राहिला. त्यात उणे चिन्हं खालपर्यंत उतरत गेली होती.

"म्हंजी हे जे मधलं हाय," तो म्हणाला, "हेच मला दिसत न्हाई ते."

"हो."

"त्याला हितं आकडा हाय."

पुढचा तास त्यानं पट्टीला हात लावला नाही. तो उठला, गल्लीतल्या लिंबाचं एक पान तोडून आणलं आणि त्यावर यंत्र टेकवलं. मधला आकडा उणे आला. ड्रॉवरमधून कुणाच्या तरी लग्नाची लाल पत्रिका काढली आणि तिच्यावर टेकवलं. अधिक, आणि चांगलाच मोठा. त्यानं पान आणि पत्रिका शेजारी ठेवली. त्याच्या डोळ्यांना ती दोन्ही एकाच कुळीची होती, एक जरा उजळ, एक जरा मंद. मग त्यानं दुकानातलं सगळं मोजायला घेतलं. कापडी पडदा, अल्बमचा पुठ्ठा, माझ्या ओढणीचा पदर, दाराची चौकट. प्रत्येक वस्तूचा रंग आधी स्वतः ओळखायचा, मग आकडा बघायचा, मग मला विचारायचा की बरोबर आहे का. आकडा कधीच चुकला नाही. मी हो, हो म्हणत होते. माझ्या भावाला बोरं दाबून बघावी लागली होती ती सगळी वर्षं मला दिसत होती.

त्यानंतर महिनाभर त्यानं मला बोलावलंच नाही. कल जरा सरकवायचा, पट्टी छापायची, वाळू द्यायची, मोजायची. फोनवर नुसते आकडे यायचे. उणे कमी होत गेलं. वरच्या फिक्या चौकोनांत जमलं की खालच्या गडदांत फिसकटायचं, तिथं जमवलं की मधे. तो चिडत नव्हता. मेंढरं मोजणाऱ्या माणसाला घाई नसते, एक चुकलं की परत पहिल्यापासून मोजायची त्याला सवय असते.

मी गेले तेव्हा त्यानं आबांचा फोटो माझ्या हातात दिला. मी दारात नेला. बल्बखाली नेला. समोरच्या औषधाच्या दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नेऊन आले. मला कुठं जांभळं सापडलं नाही, हिरवं नाही, गुलाबी नाही. करडा नुसता करडा होता. मी तसं सांगितलं.

"मला ठावं होतं," दादा म्हणाला. ते फुशारकीनं म्हटलेलं नव्हतं. नळाला पाणी आलंय असं सांगावं तसं म्हणाला.

मला वाटलं, झालं. त्याला नाही वाटलं. बिनचकाकीचा कागद काळेपणा गिळतो. पट्टीतले शेवटचे काही चौकोन डोळ्यांना एकच काळा दिसत होते. आबांचं घोंगडं फोटोत एक काळं ढेकूळ होऊन बसलं होतं. मी म्हटलं, घोंगडं काळंच असतं. त्यानं मला पडद्यापुढे बसवलं आणि घोंगड्याच्या खांद्यावर बोट ठेवलं. इथं घडी आहे, तिच्या खाली लोकरीचा पोत आहे, काठाला पाणी धरलंय. मला दिसेना. मी डोळे बारीक केले, जवळ गेले, तरी बराच वेळ दिसेना. मग दिसलं, आणि एकदा दिसल्यावर ते न दिसणं शक्य नव्हतं. त्याला ते पहिल्यापासून दिसत होतं. मला वाटतं, आमची नजर आधी रंगाकडे धावते आणि त्याची उजेडाकडेच जाते. अंधारातला उजेड, उजेडातला अंधार, ह्यात त्याच्याइतकं बारीक बघणारं माणूस मी अजून बघितलेलं नाही. गडद भागातल्या पायऱ्या तो जराजरा वर उचलत गेला आणि ज्या दिवशी यंत्रानं शेवटच्या चौकोनांना वेगवेगळे आकडे दिले, त्या दिवशी घोंगडं कागदावर उलगडलं.

हॉलमध्ये फोटो लावायच्या आधी तो तिथं जाऊन वेगवेगळ्या वेळचा उजेड बघून आला. वाचनालयवाल्यांना विनंती करून दोन बल्ब बदलून घेतले. तलवाड्याहून आमची माणसं टेम्पोनं आली. आत्यानं फोटोतली मेंढरं ओळखायला सुरुवात केली. ही लंगडी, ही हिची पोर, हिला त्या साली जुळं झालतं. बीडमधली शिकलेली माणसं मागं उभी राहून तिचं ऐकत होती. आत्याला आपण बोलतोय ते कुणी ऐकतंय ह्याचं भानच नव्हतं.

आबा त्यांच्या फोटोपुढे बराच वेळ उभे राहिले. स्वतःच्या चेहऱ्याकडे त्यांनी फारसं बघितलं नाही. मग पुढे वाकून म्हणाले, "वलं हाय की हे."

दादानं विचारलं, "कंचं?"

"घोंगडं. त्या दिशी पावसानं झोडपलं व्हतं. दोन दिस वाळलं न्हवतं."

त्यांनी बोट फोटोजवळ नेलं आणि न टेकवता खांद्याच्या घडीवरून फिरवलं, दादानं मला दाखवलेल्या त्याच घडीवरून. दादा बाहेरच्या व्हरांड्यात गेला. थोड्या वेळानं मी गेले तर तो माठातलं पाणी पीत होता. "आबाला दिसलं," एवढंच म्हणाला आणि परत आत आला.

त्याच दिवशी एक चित्रकलेचे शिक्षक भेटले. इतका स्वच्छ करडा हाताशी कसा आला, असं त्यांनी दादाला विचारलं. दादानं सांगितलं, मोजून. ते म्हणाले, नुसत्या मोजण्यानं होत नाही, डोळाही हवा. आजूबाजूला पाच-पन्नास माणसं होती, त्यांत लग्नाची गिऱ्हाइकंही होती. दादानं सरळ आवाजात सांगितलं, "सर, मला लाल आन् हिरवं कळत न्हाई. लहानपनापासून. म्हनून मोजतो."

लग्नाची गिऱ्हाइकं वळून त्याच्याकडे बघायला लागली. मग त्या सरांनी त्याला विचारलं की मोजतात कसं, ते बघायला मिळेल का. दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले आणि करड्या खोलीत दुपारभर बसले. आणि लग्नाची गिऱ्हाइकं काही तुटली नाहीत. एका नवरीच्या आईनं तर सांगितलं, रंगाचे फोटो लॅबकडूनच येऊ द्या, पण आमचे दहा तरी काळे-पांढरे पाहिजेत, तुमच्या हातचे.

आता बाहेरगावचे लोकही त्याला आपले फोटो छापायला पाठवतात. कोण पाठवतं ते पुष्कळदा त्यालाही माहीत नसतं, फाइल येते, तो छापतो, मोजतो, पाठवतो. साडीचा रंग तो अजूनही विचारतो, पण आता हळूच विचारत नाही. गिऱ्हाइकालाच विचारतो.

परवा मी बीडला गेले होते. परतीच्या गाडीला अवकाश होता म्हणून तो बसस्टँडपर्यंत चालत आला. वाटेत सगळा वेळ कागदाबद्दल बोलत होता. आताचा कागद पांढरा दिसावा म्हणून त्यात काहीतरी घालतात, त्यामुळे तो निळ्याकडे झुकतो, आणि काही वर्षांनी ते उडालं की कागद पिवळा पडणार. तसलं काही न घातलेला एक कागद त्याला सापडला होता. त्याच्यावर सगळं मोजमाप पहिल्यापासून करावं लागणार होतं. मी म्हटलं, आताचा काय वाईट आहे, मला तर पांढराच दिसतो. तो म्हणाला, तिसरा आकडा बघ म्हंजी कळंल. गाडी लागली. मी खिडकीशी जागा धरली तरी तो खाली उभा राहून मला सांगतच होता, नव्या कागदाची पट्टी आज संध्याकाळी छापतो, उद्या वाळली की आकडे पाठवतो.